डार्विनला मूलनिवासी मुलांसोबत काम करायचंय, वेगळं प्रशिक्षण लागतं का?

तुम्ही मुंबईत स्पीच थेरपी शिकलात आणि ऑस्ट्रेलियात ऐकू कमी येणाऱ्या मूलनिवासी मुलांसाठी काम करायचं म्हणताय. मी नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन शहर ज्याची राजधानी आहे त्या उत्तरेकडच्या प्रदेशात, हेच करते. पदवीची मान्यता स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया या तिथल्या स्पीच थेरपिस्टच्या संघटनेकडून मिळते, तो कागदपत्रांचा भाग झाला. खरं शिक्षण त्यानंतरचं.

श्रवणदोष म्हटलं की आपल्याला जन्मापासून बहिरं मूल आणि मशीन आठवतं. इथे बहुतेक भानगड कान फुटण्याची आहे. दुर्गम वस्त्यांत घरं कमी, माणसं जास्त, त्यामुळे तान्ह्या बाळांनाच संसर्ग होतो. मध्यकर्णात पाणी साठतं, पडद्याला भोक पडतं, पू वाहत राहतो. असे कान वाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की जागतिक आरोग्य संघटना तातडीची समस्या मानते. इथल्या कित्येक वस्त्या त्याच्या फार पुढे आहेत. बरेचदा कान दुखतही नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात ऐकू येणं कमीजास्त होत राहतं, मग शाळेत त्या पोरावर आगाऊ असल्याचा शिक्का बसतो.

ओटोस्कोपनं कान बघणं, टिम्पॅनोमेट्रीनं पडदा हलतो का ते तपासणं हे सरावानं जमतं. अवघड आहे ते मुलाचं बोलणं जोखणं. घरात क्रिओल (इंग्रजीच्या मिश्रणातून तयार झालेली इथली भाषा) किंवा योल्ङु या मूलनिवासी समाजाची भाषा बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी चाचणी लावलीत, तर चांगलं बोलणारं पोरही मागे पडलेलं दिसेल. त्यासाठी इथे प्लम आणि हॅट्स या प्रश्नावल्या वापरतात: घरच्यांना विचारून मूल किती ऐकतं, कसं बोलतं ते समजून घ्यायचं. पण प्रश्नांची सरबत्ती केलीत तर आजी तुमचं मन राखायला सगळ्याला हो म्हणेल. (आपल्याकडेही डॉक्टरसमोर हेच होतं की!) आणि वस्तीत कोणी वारलं असेल तर त्या दिवशी तपासणीचा विषयच काढायचा नाही.

हे सगळं शिकवणारी माणसं म्हणजे वस्तीतले ॲबोरिजिनल (मूलनिवासी) आरोग्य कर्मचारी. आपण विमानानं येतो आणि जातो, कानात थेंब रोज पडताहेत का हे तीच बघतात. डार्विनची मेन्झीज ही आरोग्य संशोधन संस्था स्थानिक लोकांनाच कानांच्या कामासाठी तयार करते. माझ्या मते आपल्यासारख्यांच्या फेऱ्यांपेक्षा पैसा तिथे जास्त लागावा.

नोकरी स्वीकारण्याआधी एवढं विचारा: प्रत्येक भेटीत सोबत स्थानिक कर्मचारी असेल का, आणि त्याला त्याचा पगार मिळतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.