विकायच्या लेखात बाहेरच्या लिंका द्याव्यात का?

द्याव्यात, पण आधी गिऱ्हाइकाला विचार, कारण काहींना बाहेरची एकही लिंक चालत नाही, काहींना सोर्सची यादी वेगळी लागते, आणि हे लेख झाल्यावर कळलं की सगळं परत करत बसा. आता तू इंदूरच्या स्वच्छतेवर लिहितोयस ना, तर २०१७ला पहिला नंबर आला याला कुठल्यातरी ब्लॉगची लिंक नको, थेट स्वच्छ सर्वेक्षणाचं सरकारी पान शोध. विकिपीडिया वाच खुशाल, पण तिथले खालचे संदर्भ उघडून बघ नि त्यातलं पटेल ते दे. माहितीवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, म्हणजे इंदूरचा राजवाडा सात मजली आहे हे कोणीही लिहावं, पण दुसऱ्याचा पॅरा चार शब्द फिरवून टाकलास तर लिंक दिली तरी ती चोरीच, आणि कॉपी पकडणाऱ्या चेकरमध्ये सापडूही शकते बघ. फोटोचंही तेच, क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. कोणी पैसे देऊन ‘माझ्या साइटची लिंक घुसव’ म्हणालं तर (म्हणतात रे, मेल येतात) गिऱ्हाइकाला न सांगता अजिबात घालू नकोस. पाठवायच्या आधी सगळ्या लिंका क्लिक करून बघ, सरकारी पानं तर सारखी हलतात, वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या कॉपी जपून ठेवणारी साइट) कॉपी सेव्ह करून ठेव.