फिनेलच्या घमघमाटावर जाऊ नका

प्रश्न : ताई, दिवाळीत आम्ही नऊ दिवस नागपूरला सासरी जाणार आहोत. आमचा बंड्या, चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, पहिल्यांदाच बोर्डिंगमध्ये राहणार. धायरीकडची एक जागा पाहून आलो. चकचकीत टाइल्स, गेटपासूनच फिनेलचा वास, मालक म्हणाले दिवसातून दोनदा धुतो. तरी ह्यांचं मन घेत नाही. नेमकं काय बघायचं असतं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ह्यांचं मन बरोबर सांगतंय. सोळा वर्षं मी सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला बारा केनेलचं बोर्डिंग चालवलं आणि पहिली काही वर्षं मीही फिनेलच्याच भरवशावर होते. एका मे महिन्यात एक पिल्लू आलं. ‘इंजेक्शनं झालीत’ एवढं तोंडी ऐकून मी ते ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. मी केनेल फिनेलनं धुतलं आणि तोच पोछा, तीच बादली घेऊन शेजारच्या केनेलमध्ये गेले. आठवड्यात आणखी दोन पिल्लं आजारी पडली, त्यातलं एक गेलं. त्याच्या मालकिणीला फोन कसा केला, ते मला अजून आठवतं.

फिनेलला पार्व्हो दाद देत नाही, हे डॉक्टरांनी मला तेव्हा सांगितलं. तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण काढायची, साबणानं घासायचं, मग लिटरभर पाण्यात साधारण ३० मिली ब्लीच घालून फरशी १० मिनिटं ओली ठेवायची, नंतर धुऊन वाळवायची. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर तिथेच संपतो. (आणि त्यात संडासचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आमच्या एका पोऱ्यानं तो प्रताप करून पाहिलाय.)

आता तुम्ही असं करा. न सांगता, सकाळी अकराच्या सुमाराला जा. तोवर धुणं आटोपलेलं असतं. फरशी कोरडी आहे का बघा. ओल राहिली की बोटांच्या बेचक्या चिघळतात. चकचकीत टाइल्स मला तर नकोच. लॅबचे मागचे पाय त्यावर घसरतात. त्यापेक्षा उताराचा, जरा खरखरीत कोबा बरा. मग खाली बसून गटार बघा. एका केनेलचं पाणी दुसऱ्यातून वाहत जात असेल तर बाकी काही विचारू नका, घरी या.

भिंतीच्या भेगा आणि छताचे कोपरेही बघा. गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंत चढते आणि भेगेत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्यांना औषध लावून ती जात नाही. खाण्याची पोती जमिनीवर उघडी असतील तर उंदीर आलेच, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार. डबा झाकणाचा हवा. आजारी कुत्र्याची खोली वेगळी, तिची बादली-झाडूही वेगळी. माझ्याकडे त्या घटनेनंतर लाल बादली असायची. ती त्या खोलीबाहेर कुणी आणलेली चालायची नाही.

बंड्याचं लसीचं कार्ड त्यांनी मागितलं का? तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. जो तुमच्या कुत्र्याचं कार्ड मागत नाही, तो शेजारच्या कुत्र्याचंही मागत नसणार. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस राहिली असेल तर याच आठवड्यात द्या. निघायच्या आदल्या दिवशी देऊन काही उपयोग नाही.

राहता राहिले फटाके. गेट दुहेरी हवं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. घाबरलेला लॅब एका फटीतून सिंहगड रस्त्यावर पोचतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिथं कोण झोपतं, हे विचारा आणि त्या माणसाला भेटून या. ‘कॅमेरे आहेत’ म्हणाले तर पुन्हा विचारा.

बंड्याबरोबर त्याची रोजची चादर द्या. धुऊन मात्र देऊ नका.