वाचकांचे प्रश्न : सेल्फ फिरेनासा झाला तर

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून माझी डिझेल मोटार आठवड्यातून जेमतेम एकदा बाहेर निघते. गेल्या उन्हाळ्यात दोनदा बॅटरी बसली. दुकानदाराने आपत्काळासाठी दोन उपकरणे दाखविली. एकात लिथियम बॅटरी असून त्यावर 20,000 मिलिअँपिअर-तास असे छापलेले आहे. दुसऱ्यात बॅटरीच नाही, सुपरकपॅसिटर आहे, आणि त्यावर असा कोणताही आकडा नाही. बॅटरी नसलेले उपकरण गाडी कशी सुरू करणार? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपला गोंधळ त्या छापील आकड्यामुळे झाला आहे, म्हणून आधी इंजिन सुरू करायला किती ऊर्जा लागते ते पाहू. मध्यम आकाराच्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर साधारण 250 अँपिअर प्रवाह ओढतो, त्या वेळी बॅटरीचा दाब 10 व्होल्टच्या आसपास उतरतो, आणि इंजिन ठीक असेल तर दोन सेकंदांत ते सुरू होते. याचा गुणाकार 5,000 ज्यूल, म्हणजे सुमारे 1.4 वॅट-तास येतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा नऊ-दहा मिनिटांत एवढीच ऊर्जा खातो. आपल्या गाडीत 60 अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात पूर्ण भरलेल्या अवस्थेत सुमारे 720 वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे एकदा सेल्फ मारण्यास तिचा पाचशेवा भाग पुरतो. अडचण ऊर्जेच्या साठ्याची नसते, तो साठा दोन सेकंदांत मोकळा करण्याची असते. जुनी किंवा उतरलेली शिशाची बॅटरी नेमकी येथेच कमी पडते. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे मोठा प्रवाह मागताच तिचा दाब कोसळतो आणि आपल्याला फक्त टक्-टक् असा आवाज ऐकू येतो.

सुपरकपॅसिटरचे उपकरण याच गोष्टीचा फायदा घेते. नळाला करंगळीएवढीच धार असली, तरी त्याखाली बादली लावून ठेवता येते, आणि भरलेली बादली एकदम उपडी करता येते. बसलेल्या बॅटरीत अगदी पाच टक्के शिल्लक उरली असली, तरी ती 36 वॅट-तास होते. उपकरण तिच्यातील लागेल तेवढी ऊर्जा काही मिनिटांत सावकाश ओढून घेते, आतील मंडलाच्या साहाय्याने दाब 14-15 व्होल्टपर्यंत चढविते, आणि आपण किल्ली फिरविताच सारी ऊर्जा एकाच दमात स्टार्टरला देते. कपॅसिटरात रासायनिक क्रिया होत नाही. विद्युतभार सक्रिय कोळशाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर नुसता येऊन बसतो, म्हणून तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो. (हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो, हे कोकणातील वाचकांना ऐकायला आवडेल.) त्याला भरून ठेवावे लागत नाही, हा त्याचा खरा मोठा गुण आहे.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. प्रत्येकी 350 फॅरडचे (फॅरड म्हणजे विद्युतभार साठविण्याच्या क्षमतेचे माप) आणि 2.7 व्होल्टचे सहा कपॅसिटर एकापुढे एक जोडले, तर दाबाची बेरीज होते पण क्षमता सहाने भागली जाऊन एकूण 58 फॅरड उरतात, आणि 14 व्होल्टपासून 9 व्होल्टपर्यंत उतरताना त्यांतून सुमारे 3,350 ज्यूल मिळतात. पेट्रोलच्या लहान इंजिनाला ते पुरतात, पण आपल्या डिझेलला वर काढलेल्या हिशेबाने ते अपुरे आहेत. म्हणून घ्यायचेच झाल्यास डिझेलसाठी असल्याचे ज्यावर स्पष्ट लिहिले आहे, असेच घ्यावे. प्रयत्न फसला, तर पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. बॅटरी पूर्ण मृत असेल, तर ओढायला काही उरत नाही. मग दुसऱ्या गाडीवरून किंवा साध्या पॉवर बँकेवरून उपकरण भरावे लागते.

लिथियमच्या उपकरणावरील 20,000 हा आकडा बहुधा आतील सेलच्या 3.7 व्होल्ट दाबावर मोजलेला असतो. म्हणजे साठा 74 वॅट-तासांचा. तो पुष्कळ आहे, पण किती प्रवाह मिळेल हे त्यावरून कळत नाही. ‘पीक अँपिअर’ म्हणून छापलेला भला मोठा आकडाही क्षणभराचा असतो, त्यावर मी विसंबत नाही. हे उपकरण दर तीन महिन्यांनी भरावे लागते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवता येत नाही, कारण नागपुरात अशा गाडीच्या आत तापमान सहज 60 अंशांपर्यंत पोहोचते. जे उपकरण गाडीत ठेवता येत नाही, ते रस्त्यात अडकल्यावर घरी असणार, हे ओघाने आलेच. आपली गाडी आठवडाभर दारातच उभी असते, तेव्हा आपल्यापुरते लिथियमचे उपकरण घरातील कपाटात ठेवले तरी चालेल. फिरतीवर असणाऱ्यांनी मात्र सुपरकपॅसिटर घ्यावा.

मात्र दोन्हींच्या आधी दीड-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले, तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसत नसतील, तर दोष अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे) किंवा त्याच्या सैल पट्ट्याकडे आहे आणि नवी बॅटरीही बसणारच. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, त्यामुळे विदर्भात बॅटरी तीन-चार वर्षांत थकली तर ती खोटी निघाली असे समजू नये.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप केबल लावताना मेकॅनिकने काळा चिमटा आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला लावला. हा निष्काळजीपणा नव्हे काय? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : उलट त्याने शिस्त पाळली. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी हमखास पडते. ती बॅटरीपासून दूर पडावी म्हणून असे करतात. आधी लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या रंग नसलेल्या धातूला, असा क्रम ठेवावा. काढताना तो उलटा करावा. मदतीला ट्रक आला, तर मात्र नम्रपणे नकार द्या, कारण त्याची यंत्रणा 24 व्होल्टची असते.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. इंजिन बंद असताना त्या गिअरपेटीतील तेलाला दाब नसतो, त्यामुळे चाकांची गती इंजिनपर्यंत पोहोचत नाही. साध्या गिअरची गाडीसुद्धा बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्याने सुरू होईलच असे नाही. इंधनपंप आणि इंजिनचा संगणक यांना थोडी तरी वीज लागतेच. अँबॅसिडरला पुढून हँडल मारून जागे करण्याचे दिवस गेले.

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर आहे. तेथील आपत्कालीन जनित्र हातपंपानेही सुरू करतात, असे तो सांगतो. हे कसे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तो म्हणतो ते खरे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार या जनित्रापाशी लागोपाठ तीन वेळा इंजिन सुरू करता येईल इतकी साठवलेली ऊर्जा लागते, आणि त्याशिवाय अर्ध्या तासात आणखी तीन वेळा सुरू करण्यासाठी दुसरा साठा असावा लागतो. पहिला साठा बहुधा बॅटरीचा असतो. दुसरा पुष्कळदा नायट्रोजन भरलेल्या जाड पोलादी सिलिंडरचा. हातपंपाने त्यात तेल भरत गेले की नायट्रोजन दाबला जातो, आणि झडप उघडताच ते तेल छोट्या मोटरीतून जोराने जाऊन इंजिन फिरविते. जहाजाचे मुख्य इंजिन तर सुमारे 30 बार दाबाच्या हवेवर सुरू होते. बॅटरीला पर्याय दुसरी बॅटरीच असावा लागत नाही, हे जहाजवाल्यांना आपल्यापेक्षा फार आधीपासून ठाऊक आहे.

प्रश्न : आम्ही तीन आठवडे परदेशी जाणार आहोत. बॅटरीची वायर सोडून ठेवावी काय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : ठेवावी. बंद गाडीतही कुलूपयंत्रणा, घड्याळ वगैरे मिळून 30 मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर दिवसाला 0.7 आणि तीन आठवड्यांत 15 अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान गाडीच्या 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीपैकी हे जवळजवळ निम्मे झाले. इंजिन बंद करून बहुधा दहा नंबरच्या पान्ह्याने फक्त काळी वायर सोडावी आणि तिचे टोक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावे. वायर सोडण्यापूर्वी गाडीची किल्ली आत किंवा डिकीत राहिलेली नाही, याची खात्री करून घ्या. काही गाड्यांची डिकी विजेवरच उघडते.