कोविडकाळात ऑस्ट्रेलियात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचे नियम काय होते?

संपूर्ण देशासाठी एकच नियम नव्हता. प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यान्वये सीमा बंद करीत असे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिल २०२० पासून घातलेले निर्बंध तर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोरही टिकले. क्वीन्सलँडमध्ये १३ डिसेंबर २०२१ पासून संसर्गग्रस्त भागातून येणाऱ्या, लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या प्रवाशाला बॉर्डर पास आणि ७२ तासांच्या आतील पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल दाखवावा लागे. नाताळच्या तोंडावर चाचणी केंद्रांवर रांगा लागल्या, अहवाल मुदतीत हाती येईनात आणि घरच्यांच्या भेटीसाठी निघालेल्यांची फार ओढाताण झाली. रॅपिड अँटिजेन चाचणी १ जानेवारी २०२२ पासून ग्राह्य धरली गेली. हा निर्णय माझ्या मते आधीच व्हायला हवा होता. १५ जानेवारीपासून तेथील सीमेवरची तपासणी थांबली, पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा मात्र ३ मार्चला खुली झाली.