शिफारस करण्यापूर्वी

तुम्ही आमच्या परभणीच्या वाचनकट्ट्यात नव्याने आलात आणि पहिल्याच बैठकीत सात मालिका, चार चित्रपट व तीन पुस्तके एका दमात सुचवलीत, म्हणून वडीलकीच्या नात्याने हे लिहितो आहे. एका वेळी एकच कलाकृती सुचवावी, आणि ती 'अप्रतिम' आहे असे न म्हणता तिच्यातील एखादा प्रसंग सांगावा. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेविषयी मी फक्त एवढेच सांगतो, की भाव पडल्यावर बाजारात आणलेल्या टोमॅटोंचे बाप काय करतो ते पोराच्या नजरेतून वाचा. मोंढ्यात माल घेऊन गेलेला आपल्याकडचा माणूस पुढचे सांगायची वाट पाहत नाही. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, परंतु शिफारस करताना पुरस्कार शेवटी सांगावा, कारण तो आधी सांगितला की समोरचा माणूस माना डोलावतो आणि पुस्तक काही उघडत नाही.

मालिकांबाबत माझे मत थोडे कडू आहे. दोन भाग पाहून शिफारस करू नये. मी एकदा केली, आणि पुढे कथेचा असा काही विचका झाला, की घरच्यांनी महिनाभर माझ्या हाती रिमोट दिला नाही.

विचारांच्या पुस्तकांसाठी मात्र घाई नको. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचा एकेक लेख दोनदा वाचावा, न पटलेल्या ओळीपाशी पेन्सिलीने बारीक खूण करावी (ग्रंथालयाची प्रत असल्यास वहीत), आणि बैठकीत ती खूणच आधी वाचून दाखवावी.