डेकवर उतरताना

अरे, दाबोळीच्या नौदलाच्या हंसा तळावर सरावाला लागलास की आधी एक सवय मोड: टेकायच्या क्षणी विमानाचं नाक हळूच उचलायची. जहाजावर तसं केलंस तर शेपटीखालचा हूक डेकवरच्या, विमान अडवणाऱ्या तारांवरून पुढे निघून जातो, आणि आपल्या विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर तारा तीनच आहेत. नजर उतरायची वाट दाखवणाऱ्या दिव्यांवर ठेव, डेककडे बघत बसू नकोस. तो हलतो, फसवतो.

चाकं टेकली की हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढायला जातो. ओढायचा नाही! उलट पूर्ण पुढे. हूक अडकला नाही तर पुन्हा उडायला तेवढी ताकद लागतेच. अडकला, तर ताशी दोनशे किलोमीटरच्या वरचा वेग दोन-तीन सेकंदांत शून्य. पट्टे खांद्यात रुततात आणि मास्कच्या आत वेड्यासारखं हसू येतं. रात्री मात्र माझेही तळवे अजून ओले होतात.