कपाशीच्या पानामागे तिरपे पळणारे हिरवे किडे कोणते? बीटी असूनही कीड कशी?

कपाशीच्या पानामागे हिरवे किडे आहेत, पानं लाल पडताहेत, आणि बीटी बियाणं असूनही कीड कशी, असं तुम्ही विचारलंत. पानाला हात लावताच किडे तिरपे पळतात, हे तुम्ही लिहिलंत तिथेच ओळख पटली. हे तुडतुडे. मावा असा पळत नाही. तो कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करून बसून राहतो आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात. पांढरी माशी झाड हलवलं की भुर्रकन उडते. फुलकिडे पान खरवडतात, तिथे चंदेरी चट्टे पडतात.

तुमच्या पानांवर जे दिसतंय ती बहुतेक तुडतुड्यांची पिल्लं असावीत: फिकट हिरवी, बिनपंखी. मोठा तुडतुडा जेमतेम 3 मिलिमीटरचा, पाचरीसारखा निमुळता; दोन्ही पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. मादी अंडी पानाच्या शिरेत खुपसून घालते, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. फवारणीनंतर काही दिवसांत पुन्हा पिल्लं दिसली, तर ती बहुधा त्याच अंड्यांतली.

बीटीबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेलं बियाणं. भारतात 2002 साली परवानगी मिळालेलं हे तंत्र बोंडअळ्यांसाठी आहे. रस शोषणाऱ्या किडीला त्याने काहीच होत नाही. उलट पानाखाली दाट लव असलेल्या वाणांवर तुडतुडे कमी टिकतात. बियाणं घेताना हे जरूर विचारा.

आता लाल पानांचं. तुडतुडा रस ओढताना विषारी लाळ सोडतो, त्यामुळे आधी पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि पान खाली मुरडतं. पण शिरा हिरव्या, मधला भाग लाल आणि पानामागे कीड नाही, असं असेल तर तो मॅग्नेशियमच्या कमतरतेचा लाल्या (पानं लाल पडण्याचा विकार) असू शकतो. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे वाया.

म्हणून आधी मोजा. शेतात फिरून पंधरा-वीस झाडांची वरची, मधली, खालची पानं उलटून बघा. सरासरी एका पानाला 2 ते 3 तुडतुडे भरले तरच फवारणीचा विचार करा. त्याहून कमी असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. युरिया जास्त पडला असेल तर आता थांबवा, लुसलुशीत पानांवर तुडतुडे वाढतात. ढालकिडे, जाळं विणणारे कोळी, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) दिसत असतील तर जहाल औषध टाळाच. तुडतुडे आणि मावा खाऊन ते तुमचंच काम करत असतात.